क्रूझर बाइकला फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं कवच) बसवलं आणि केबल घासू लागली
फेअरिंगला फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, पकडणारे चारही क्लॅम्प आवळून झाले, हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि क्लचची केबल फेअरिंगच्या कडेला घासली. सगळं पुन्हा सैल केलं. फोर्कची नळी व्हर्नियरने मोजली तर ४१ मिमी, किटमधले क्लॅम्प ३९ मिमीचे! ते तिरके बसून फेअरिंगला मागे ओढत होते. योग्य मापाचे आणले, आत रबराची पट्टी दिली, केबल फोर्कच्या मागून फिरवली. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून, पुढचं सस्पेन्शन दाबून पाहिलं. ही तपासणी घाईत सोडू नका, वळणावर हँडल अडलं तर जिवावर बेतेल. मगच बोल्ट पक्के केले. एबीएस प्लास्टिकच्या फेअरिंगजवळ थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) टाळा, त्याने प्लास्टिकला तडे जाऊ शकतात. मी नायलॉनचे लॉकनट आणि रबरी वॉशर वापरले.