टीमला छोट्या बॅचचं, म्हणजे काम थोडं-थोडं करून पुढे देण्याचं, महत्त्व शिकवायचंय? नाणी काढा

नवीन टीम लीडला स्लाइड्स दाखवत बसू नका, सरळ २० नाणी घ्या आणि चार जणांना टेबलाभोवती बसवा. पहिल्या राउंडला प्रत्येकाने सगळी २० नाणी एका हाताने एकेक करून उलटायची आणि मगच पुढच्याकडे द्यायची, दुसऱ्या राउंडला पाच-पाच उलटून पुढे द्यायची, तिसऱ्या राउंडला एक-एक. मोबाइलवर टायमर लावा, पहिलं नाणं शेवटपर्यंत कधी पोचलं तेही लिहा, हे बरेच जण विसरतात. हिशोब बघा ना, पहिल्या राउंडला शेवटपर्यंत ८० उलटण्यांइतका वेळ, मग ३५, मग फक्त २३, कारण सगळ्यांचे हात एकाच वेळी चालतात! लीडने मात्र मधे सूचना द्यायच्या नाहीत, नुसतं बघायचं की काम कुठे तुंबतंय, आणि नंतर टीमलाच विचारायचं, आपल्या स्प्रिंटमधे, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या टप्प्यात, असं कुठे होतं?