मिरचीवर कोळी: या चुका टाळा

मिरचीचा शेंडा आवळला की दुकानात जाऊन "बोकड्याचं औषध द्या" म्हणणं, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. बोकड्या, म्हणजे पानं आवळून वळणं, हे लक्षण आहे. तो फुलकिड्यांनी येतो, पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूने येतो, तसाच कोळीनेही येतो (जाळं विणणारा कोळी नव्हे, पानाखाली राहून रस शोषणारी बारीक कोळी). फुलकिड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा वर वळतात. कोळीने शोषला की कडा खाली वळून पान पालथ्या होडीसारखं होतं, देठ लांबतो.

सिल्लोडकडच्या एका काकांनी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या फवारण्यांवर फवारण्या घेतल्या, वर सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे दुसरं कीटकनाशक मारलं, दर पंपात टॉनिक टाकलं. प्लॉट आणखी बसला. "औषधच बोगस निघालं," म्हणाले. औषध चांगलं होतं, पण ते कोळीचं नव्हतं. कोळीला आठ पाय, ती कीटकांत मोडत नाही, आणि पायरेथ्रॉइडने तिला खाणारे मित्रकोळी मात्र मेले. शेंड्याचं कोवळं पान उलटं करून दहापट भिंगाखाली धरलं, तर शिरेलगत पिवळट ठिपके पळत होते आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असलेली अंडी चिकटलेली होती. "काका, हे आधी बघायला हवं होतं," एवढंच म्हणालो. भिंग एका फवारणीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं. माझ्या खिशात ते कायम असतं, आणि भिंगातून पाहिल्याशिवाय मी कुणाला औषध सांगत नाही.

पुढची घाई फवारणीनंतरची. वळलेलं जुनं पान पुन्हा सरळ होत नाही. तरी लोक चौथ्या दिवशी त्याच पानाकडे बघून "फरक नाही" म्हणतात आणि दुसरा पंप भरतात. नवा फुटवा बघा. तो सरळ निघाला म्हणजे काम झालं.

वरून फवारू नका; कोळी पानाखाली असते, नोझल खालून वर धरा. हेक्झिथायाझॉक्स हे कोळीनाशक अंडी-पिल्लांवर चालतं, प्रौढ कोळी त्याने मरत नाही. भर उन्हात गंधक मारलं तर पान करपतं. एकच कोळीनाशक पुन्हापुन्हा वापरू नका, पुढच्या वेळी गट बदला, म्हणजे वेगळ्या पद्धतीने मारणारं औषध घ्या. डायकोफॉल या जुन्या कोळीनाशकावर २०२३ मध्ये बंदी आली आहे, जुनी बाटली काढू नका.

चार औषधं एकत्र करून मारणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. त्यातलं कोणतं लागू पडलं हे कळत नाही, आणि पुढच्या हंगामात तोच खर्च पुन्हा करावा लागतो. लेबलवर मिरची आणि कोळी दोन्ही छापलेलं असेल तेच औषध घ्या, आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं तेही तिथेच वाचा.