सर्व्हिस डॉगला गर्दीत नेताय? या चुका टाळा

सर्व्हिस डॉग म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा. घरात आणि मैदानावर शहाण्यासारखा वागणारा असा कुत्रा स्टेशनात शिरताच अडून बसतो आणि हँडलर, म्हणजे त्याला सोबत घेऊन फिरणारा माणूस, वैतागतो, "आज ऐकतच नाहीये!" खरं तर त्याला गरजेपेक्षा जास्तच ऐकू येत असतं. माणसाचे कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतात, कुत्र्याचे त्याच्या दुपटीहून पुढचा. त्यात त्याचं डोकं आपल्या गुडघ्याच्या आसपास, म्हणजे समोर नुसते पाय, बॅगा आणि ट्रॉलीची चाकं.

म्हणून सरावाची सुरुवात ऐन गर्दीत करू नका. आधी इतकं लांब थांबा, की माणसांचा लोंढा दिसत असूनही हाक मारल्यावर तो लगेच तुमच्याकडे बघेल. हे सहज जमलं की थोडं पुढे सरका. पहिल्या काही फेऱ्या अगदी थोड्या वेळाच्या असू द्या. "आलोच आहोत तर बाकीची कामंही उरकू" हा मोह सगळ्यात महागात पडतो.

ताण ओळखता न येणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. भुंकणं, गुरगुरणं हे फार उशिरा येतं. त्याआधी झोप आलेली नसताना जांभया येतात, कुत्रा वारंवार ओठ चाटतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, शेपटी पोटाखाली जाते, भिजलेला नसतानाही तो अंग झाडतो. एरवी ज्या खाऊसाठी जीव टाकतो तोच खाऊ तोंडासमोर धरूनही घेत नसेल, तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा. पट्टा ओढू नका, ओरडू नका. नाहीतर गर्दी म्हणजे शिक्षा, असं गणित त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. भिंतीकडेला किंवा खांबाच्या आडोशाला न्या, त्याच्या आणि लोकांच्या मध्ये तुम्ही उभे राहा, श्वास जरा शांत झाला की "बस" सारखी एखादी सोपी आज्ञा द्या. ती पाळली तर शाबासकी देऊन बाहेर पडा. नाही पाळली तरी बाहेर पडा.

अडून बसणं म्हणजे दरवेळी भीतीच असते असंही नाही. अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या गाइड डॉगला पुढे धोका असेल तर आज्ञा मोडायचंच शिक्षण दिलेलं असतं. प्लॅटफॉर्मची कड, उघडा खड्डा, अंगावर येणारी गाडी, काहीही असू शकतं. "चल, चल" म्हणत रेटण्याआधी काठीने किंवा पायाने पुढची जागा चाचपा.

सरकता जिना शक्यतो टाळाच. पायऱ्या जिथे आत जातात तिथल्या दात्यांत पंजाची बोटं आणि नखं अडकून गंभीर इजा होते. लिफ्ट घेतली तर पट्टा आखूड धरा आणि दार बंद होण्याआधी शेपटीसकट सगळा कुत्रा आत आहे ना, ते बघा. लांबत जाणारा रीळवाला पट्टा गर्दीत नकोच. उन्हाळ्यात फरशीला किंवा डांबराला हाताची मागची बाजू सात सेकंद लावून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही.

लोक हात लावतात, चुचकारतात, फोटो मागतात. कुत्र्याच्या जॅकेटवर लिहिलेलं असलं तरी वाचतो कोण! "तो कामावर आहे, हात लावू नका" हे एकच वाक्य ठरवून ठेवा, हसून म्हणा आणि चालत राहा. खुलासे देत बसलात की कुत्र्याचं लक्ष तुमच्यावरून उडतं.

प्रवेशाचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या ठिकाणी फोन केलेला बरा. अमेरिकेत दुकानदार, हॉटेलवाले दोनच प्रश्न विचारू शकतात: कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का आणि तो कोणतं काम शिकलाय. इंटरनेटवर विकत मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना तिथे कायद्याची किंमत नाही. मात्र कुत्रा आवरत नसेल आणि हँडलर काहीच करत नसेल, तर कुत्र्याला बाहेर काढायला सांगता येतं.

राहिला जमिनीवर सांडलेला खाऊ. "सोड" ही आज्ञा घरीच, आवडत्या पदार्थांवर पक्की करून घ्या. चॉकलेट आणि मनुका कुत्र्यांना विषारी असतात; त्या पोटात गेल्याच, तर किती खाल्ल्या याचा अंदाज घेऊन लगेच पशुवैद्याला फोन करा. लक्षणं दिसण्याची वाट बघू नका.