झिरपणे, पाझरणे, ठिबकणे : नेमके इंग्रजी क्रियापद कसे निवडावे

संथपणे सरकणाऱ्या द्रवासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. भिंतीत ओल झिरपते, बाभळीच्या खोडातून डिंक पाझरतो, टांगलेल्या दह्यातले पाणी निथळते, छप्पर गळते आणि नळ ठिबकतो. तरीही इंग्रजी लिहायला बसल्यावर आपल्यापैकी अनेक जण या सगळ्यांसाठी ‘फ्लो’ आणि ‘लीक’ या दोनच क्रियापदांवर काम भागवतात. कोशात एका मराठी शब्दापुढे चारपाच इंग्रजी शब्द दिलेले असले, तरी त्यांतला कोणता घ्यावा हे कोश सहसा सांगत नाही. म्हणून शब्द शोधण्याआधी द्रवाकडे पाहावे : तो दाट आहे की पातळ, तो कशातून बाहेर येतो आहे, आणि त्याने तिथून बाहेर यायला हवे होते का?

द्रव दाट आणि चिकट असेल, तर ‘ऊझ’ वापरावे. जखमेतला पू, फणसाचा चीक, दाबलेल्या पुरणपोळीच्या कडेने बाहेर येणारे पुरण, हे सारे ऊझ होते. जुन्या इंग्रजीत रस या अर्थाचा जो शब्द होता, त्यातून हे क्रियापद आले. द्रव पातळ असेल आणि माती, कापड किंवा विटा यांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाट काढत असेल, तर ‘सीप’ योग्य ठरते, कारण त्यात द्रवापेक्षा मधल्या सच्छिद्र पदार्थाला महत्त्व असते. पाणी बारीक धारेने किंवा एकामागून एक थेंबांनी उघड्यावर वाहत असेल तर ‘ट्रिकल’, आणि थेंब सुटा होऊन खाली पडत असेल तर ‘ड्रिप’. ठिबक सिंचनाच्या इंग्रजी नावात हेच ‘ड्रिप’ आहे. ‘लीक’ मात्र या सर्वांहून वेगळे आहे, कारण त्यात दोष गृहीत धरलेला असतो : जे आत राहायला हवे होते ते फटीतून बाहेर आले.

लाक्षणिक अर्थ याच गुणांवर उभे असतात, आणि खरी अडचण तिथेच येते. मराठीत दगडालाही पाझर फुटतो. पाझर म्हणजे करुणा, माया, आतला ओलावा. या संस्कारामुळे ‘हिज हार्ट ऊझ्ड काइंडनेस’ असे वाक्य सहज सुचते. इंग्रजी वाचकाला त्यात माया दिसत नाही, त्याला चिकटपणा जाणवतो. ‘ही ऊझेस चार्म’ म्हणताना बोलणाऱ्याला बहुधा असे सुचवायचे असते, की त्या माणसाचे गोड वागणे जरा अतीच होते आहे. आत्मविश्वासाबद्दल ‘ऊझ’ कौतुकानेही वापरले जाते, परंतु निर्मळ स्तुती करायची असेल तर ‘एक्झ्यूड’ अधिक सुरक्षित आहे, असे माझे मत आहे. घाम गाळणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून ते आले असले, तरी आज ते औपचारिक आणि स्वच्छ वाटते. पाझर फुटण्यासाठी मात्र द्रवाची उपमाच सोडून द्यावी आणि हृदय ‘मेल्ट’ किंवा ‘सॉफन’ झाले असे लिहावे.

दुसरी गफलत ‘झिरपणे’ या शब्दाची होते. ‘विकासाची फळे तळागाळापर्यंत झिरपली नाहीत’ असे आपण लिहितो, तेव्हा थरांमधून खाली उतरणारे पाणी डोळ्यांसमोर असते. इंग्रजीत याच अर्थशास्त्रीय कल्पनेसाठी ‘ट्रिकल डाउन’ रूढ आहे, म्हणजे तिथे वरून उतरणारी बारीक धार दिसते. त्या वाक्यात ‘सीप’ घातले तर ते खटकेल. नकळत भिनणाऱ्या गोष्टींसाठी मात्र ‘सीप’ अचूक बसते : थंडी हाडांत, भीती आवाजात, पहाटेचा उजेड दाराखालून. विचार समाजाच्या एकेका थरातून गाळून हळूहळू सर्वत्र पोहोचतो, तेव्हा ‘पर्कोलेट’ घ्यावे. ज्यांनी आपल्याकडचा पाझर तलाव पाहिला आहे, त्यांना हा शब्द समजायला वेळ लागत नाही, कारण त्या तलावाचे इंग्रजी नाव ‘पर्कोलेशन टँक’ हेच आहे : अडवलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या बाजूच्या विहिरींना उतरते.

‘ट्रिकल’चा आणखी एक उपयोग फार कामाचा आहे. सभागृहात श्रोते एकेक, दोघे दोघे येऊ लागले की ते ‘ट्रिकल इन’ होतात, आणि येणारी पत्रे जेमतेम चारदोनवर आली की त्यांचा ओघ ‘स्लोज टू अ ट्रिकल’. गुपिताबाबत मराठी माणूस ‘बातमी फुटली’, ‘पेपर फुटला’ म्हणतो, त्यात एकदम झालेला स्फोट आहे. इंग्रजीत मात्र दोन्ही ‘लीक’च होतात.

शेवटी व्याकरण सांभाळावे. ‘सीप’, ‘ट्रिकल’ आणि ‘पर्कोलेट’ बहुधा अकर्मक असतात, म्हणून त्यांच्यापुढे ‘इंटू’, ‘थ्रू’ किंवा ‘डाउन’ लागते. ‘लीक’ दोन्ही प्रकारे चालते : बातमी लीक होते आणि कोणी ती लीक करतो. ‘एक्झ्यूड’नंतर गुणाचे नाव थेट येते, तिथे ‘विथ’ घालू नये. ‘ऊझ’ला दोन्ही रचना चालतात, तर उपरोधाने भरलेल्या आवाजाचे वर्णन करताना ‘ड्रिपिंग विथ सार्कॅझम’ हीच रचना रूढ आहे.