सैन्यदलात वैमानिक व्हायचंय? आधी कोणती दारं बंद होतात ते बघा, मग दल निवडा

धुळे, जळगाव आणि शिरपूरच्या धावपट्ट्यांवरून शिकाऊ विमानं उडताना खानदेशातली पोरं लहानपणापासून बघतात. ती विमानं नागरी परवान्याच्या प्रशिक्षणाची आहेत. सैन्यदलात वैमानिक व्हायला हा परवाना लागत नाही, त्यामुळे त्यासाठी शेत गहाण टाकायचं काहीच कारण नाही. उडायचं शिक्षण दल स्वतःच्या खर्चानं देतं, वर प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात दरमहा 56,100 रुपये विद्यावेतनही देतं. परवाना आधीच हातात असेल तर त्याचा ठोस फायदा एकच: पदवीनंतरच्या सीडीएस (यूपीएससीची तिन्ही दलांसाठीची) आणि एएफकॅट (हवाई दलाची स्वतःची) या अधिकारी भरतीच्या परीक्षांत हवाई दलाच्या उड्डाण शाखेची वयोमर्यादा 24 वरून 26 होते.

आणखी एक गोष्ट घरात स्पष्ट करून घ्या. अग्निवीर भरती हा कॉकपिटचा रस्ता नाही. भारतीय सैन्यदलांत वैमानिक हा अधिकारी असतो, आणि अधिकारी होण्याच्या परीक्षा वेगळ्या आहेत. भरतीच्या मैदानावर धावणं ही चांगलीच गोष्ट, पण ‘आधी आत तर जाऊ, मग पायलट होऊ’ हा हिशेब बहुतेकांचा चुकतो, कारण तेवढ्यात वय निघून जातं.

आधी शरीराची मापं

कोचिंगची फी भरण्याआधी हे करा. नववी-दहावीत केलं तर उत्तमच. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी उंची किमान 162.5 सेंमी लागते. बसून उंची 81.5 ते 96 सेंमी, पायाची लांबी 99 ते 120 सेंमी आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त 64 सेंमी. कॉकपिटमध्ये पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत, डोकं वर टेकता कामा नये आणि संकटात वैमानिक आसनासकट बाहेर फेकला जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटता कामा नयेत, म्हणून ही मापं ठरलेली आहेत. यात सूट मागून मिळत नाही.

घरी मोजायचं तर भिंतीला पाठ आणि कुल्ले पूर्ण टेकवून जमिनीवर बसा, पाय सरळ पुढे पसरा. भिंतीपासून टाचेच्या तळव्यापर्यंतचं अंतर म्हणजे पायाची लांबी. मग भिंतीला टेकूनच सपाट स्टुलावर बसा, गुडघे काटकोनात. भिंतीपासून गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या कडेपर्यंत मांडीची लांबी आणि स्टुलापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत बसून उंची. मोजणाऱ्यानं फूटपट्टी डोक्यावर आडवी धरावी. कुल्ले भिंतीपासून दोन बोटं पुढे सरकले तरी आकडा खोटा येतो, म्हणून तीनदा मोजा.

डोळ्यांचं प्रकरण यापेक्षा कडक आहे. एका डोळ्याची दृष्टी चष्म्याशिवाय 6/6 आणि दुसऱ्याची 6/9 हवी, आणि ही 6/9 सुद्धा दूरदृष्टिदोषामुळेच (प्लस नंबर) आलेली चालते. लांबचं धूसर दिसतं म्हणून मायनस नंबरचा चष्मा लागला असेल तर उड्डाण शाखेचं दार बंद. रंगज्ञान सर्वांत वरच्या दर्जाचं लागतं. रंगांधळेपणा असलेल्या मुलाला तो स्वतःला कळत नाही आणि शाळेत कुणी तपासतही नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या तक्त्यावर पाच मिनिटांत ते कळतं. लेसर करून चष्मा घालवू, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की विसाव्या वर्षाआधी केलेली ती शस्त्रक्रिया मान्य होत नाही. म्हणजे एनडीएसाठी (बारावीनंतर प्रवेश देणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तिचा उपयोग शून्य, आणि घाईनं सतराव्या वर्षी करून घेतली तर पदवीनंतरचा रस्ताही गेला.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या मुलामुलींनी सिकलसेलची तपासणी आधीच करून घ्यावी. सिकलसेल आजार आणि थॅलेसेमिया यांसारखे रक्तातले आनुवंशिक दोष वैद्यकीय मंडळ अपात्र धरतं. गोंदणाबद्दल मात्र उगाच भीती नको. कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी गोंदवलेलं इतरांना चालतं, पण आदिवासी उमेदवारांचं परंपरेनं केलेलं गोंदण त्या त्या प्रकरणात बघून मान्य करतात.

अकरावीचा प्रवेश: इथेच सर्वाधिक मुलं बाहेर पडतात

एनडीएतून हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तीनही विषय पाहिजेत. ‘मेडिकलचंही बघू’ म्हणून गणित सोडून फक्त जीवशास्त्राचा गट घेतला की हवाई दल आणि नौदलातल्या वैमानिकीचा मार्ग तिथेच संपतो. दोन्हींत अडकला असाल तर चार विषय एकत्र घ्या, कष्ट पडतील पण दार उघडं राहील. कला किंवा वाणिज्य शाखेतून एनडीएच्या फक्त भूदल शाखेसाठी अर्ज करता येतो.

दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणाऱ्यांची अडचण जरा गुंतागुंतीची आहे. एनडीएला बारावीच लागते, डिप्लोमा चालत नाही. एएफकॅटच्या उड्डाण शाखेला बारावीच्या पातळीवर गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी किमान 50 टक्के आणि पदवीला 60 टक्के मागतात. डिप्लोमा करून पुढे इंजिनिअरिंगची पदवी घेतली तर सीडीएसमधून हवाई दल अकादमीचा रस्ता मिळतो, कारण तिथे ‘बारावीला भौतिकशास्त्र-गणितासह पदवी किंवा इंजिनिअरिंगची पदवी’ अशी अट आहे. रस्ता आहे, पण एकच आहे.

दहावीत शिकत असतानाच छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा देता येते. राज्य सरकारची ही संस्था 1977 पासून चालू आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथे राहून एनडीएची तयारी होते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. ही संधी हुकते ती बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे, म्हणून दहावीच्या वर्षात डिसेंबरपासूनच जाहिरातीवर लक्ष ठेवा.

वय आणि कागद

एनडीएसाठी वय 16½ ते 19½ वर्षं, पण ते मोजतात कोर्स सुरू होण्याच्या सुमारास, परीक्षेच्या दिवशी नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते. पहिल्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत सुरू होतो, दुसऱ्या परीक्षेचा पुढच्या जुलैत. समजा जन्म 15 मार्च 2009 चा आणि बारावी मार्च 2027 मध्ये. बारावीत शिकत असलेल्यांना अर्ज करता येतो, म्हणजे या मुलाला 2026 ची दुसरी परीक्षा आणि 2027 च्या दोन्ही अशा तीन संधी आहेत. 2028 ची पहिली परीक्षा द्यायला त्याचं वय उरत नाही. तुमच्या जन्मतारखेवर हाच हिशेब कागदावर मांडा आणि ‘एक वर्ष ड्रॉप घेऊ’ हे त्यानंतरच ठरवा.

जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच धरली जाते. खेड्यापाड्यांत शाळेत नाव घालताना 1 जून लिहून टाकायची पद्धत होती, त्यामुळे कित्येकांचं वय कागदावर काही महिन्यांनी वेगळंच दिसतं. दुरुस्ती करायची ती दहावीचं प्रमाणपत्र छापलं जाण्याआधी, शाळेच्या रजिस्टरमध्ये. नावाचंही तसंच आहे. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी असतं. अर्जात दहावीच्या कागदावर आहे तसंच्या तसं नाव लिहा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या.

कोणतं दल?

प्रश्न ‘कोणतं दल भारी’ असा नाही. काय उडवायचं आणि उरलेली नोकरी कशी घालवायची, हा आहे.

लढाऊ विमान डोक्यात असेल तर हवाई दल पहिल्या पसंतीला लिहा. तिथे वैमानिक असणं हाच मुख्य पेशा आहे. लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर असे तीन प्रवाह आहेत, मात्र प्रवाह तुम्ही एकटे निवडत नाही. पहिल्या टप्प्यातली उड्डाणातली गुणवत्ता, दलाची गरज आणि तुमची पसंती यांचा मेळ घालून तो मिळतो. ‘फायटर नाही मिळालं तर सोडून देईन’ म्हणणाऱ्यानं इकडे येऊ नये. पूरग्रस्त गावावर हेलिकॉप्टर घेऊन जाणारा आणि लडाखच्या धावपट्टीवर अवजड विमान उतरवणारा वैमानिकही त्याच अकादमीतून बाहेर पडतो.

नौदलात जागा कमी आणि काम विविध: सागरी टेहळणीची विमानं, जहाजाच्या डेकवरून उडणारी हेलिकॉप्टरं आणि विमानवाहू जहाजावरची लढाऊ विमानं. समुद्रावर महिनोन्महिने राहायची तयारी हवी. प्राथमिक उड्डाण शिकल्यावर हेलिकॉप्टरवाले तमिळनाडूत अरक्कोणमच्या आयएनएस राजाली तळावर जातात. पदवीनंतर अल्पसेवा कमिशनमधूनही (ठरावीक वर्षांपुरती अधिकाऱ्याची नोकरी) नौदल वैमानिक घेतं, त्याला बहुतांशी इंजिनिअरिंगची पदवी लागते.

भूदलाची विमानशाखा 1 नोव्हेंबर 1986 ला स्थापन झाली आणि तिचं प्रशिक्षण केंद्र आपल्या शेजारी नाशिकला आहे. इथे उडवायचं ते मुख्यतः हेलिकॉप्टर: सियाचिनला रसद पोचवणारं चीता, ध्रुव, रुद्र आणि आता अपाचे. पण अधिकारी होताना ही शाखा मिळेलच याची हमी नसते. पायदळ, तोफखाना अशा दुसऱ्या शाखेत काही वर्षं काढून स्वेच्छेनं अर्ज करणं हा जुना आणि अजूनही मोठा रस्ता आहे. ज्याला आधी सैनिक आणि मग वैमानिक व्हायचंय, त्याच्यासाठी हे योग्य.

मुलींना तिन्ही दलांत उडता येतं. हवाई दलात 2016 मध्ये पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक कमिशन झाल्या, नौदलाला 2019 मध्ये पहिली महिला वैमानिक मिळाली, भूदलाच्या विमानशाखेला 2022 मध्ये. एनडीएतही 2022 पासून मुली आहेत.

बारावीनंतर की पदवीनंतर?

एनडीए मिळत असेल तर एनडीएच घ्या. तीन वर्षं खडकवासला, मग हवाई दलाच्या कॅडेटसाठी हैदराबादजवळ दुंडिगलची अकादमी, आणि कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकाऱ्याची नोकरी. हवाई दलाच्या उड्डाण शाखेला अलीकडच्या जाहिरातींत एका परीक्षेला 92 जागा आहेत. पदवीनंतर सीडीएसमधून येणाऱ्या मुलांनाही कायम कमिशन मिळतं. एएफकॅटमधून उड्डाण शाखेत 14 वर्षांचं अल्पसेवा कमिशन मिळतं, त्याला पेन्शन नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेचं ‘सी’ प्रमाणपत्र मिळवलं तर लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीला बोलावतात. हवाई शाखा प्रत्येक कॉलेजात नसते, म्हणून प्रवेश घेतानाच विचारा.

एनडीएच्या लेखीत गणिताचा पेपर 300 गुणांचा, 120 प्रश्न, अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला 75 सेकंद. बोर्डाच्या पद्धतीनं सगळ्या पायऱ्या लिहिणारी हुशार मुलं इथे निम्म्या पेपरात अडकतात. रोज घड्याळ लावून 40 प्रश्न 50 मिनिटांत सोडवा, आणि पाठांतरापेक्षा पर्याय कसा खोडायचा ते शिका. प्रत्येक चुकीला एक तृतीयांश गुण कापले जातात. सामान्य क्षमतेचा पेपर 600 चा, त्यात इंग्रजी 200 चं. प्रश्न इंग्रजी-हिंदीत असतात, मराठीत नाही, एएफकॅट तर फक्त इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलांनी अकरावीपासून भौतिकशास्त्राच्या संज्ञा इंग्रजीतच वाचाव्यात. लेखीत पास झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत भूदलाच्या भरती संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. निकालाच्या आनंदात ही मुदत विसरू नका, नोंदणीशिवाय मुलाखतीचं बोलावणं येत नाही.

मुलाखत पाच दिवसांची. पहिल्याच दिवशी चाळणी होते आणि त्यात न टिकलेल्यांना त्याच दिवशी परत पाठवतात. नंतर 60 शब्दांवर एकेक वाक्य लिहायला प्रत्येकी 15 सेकंद, 60 प्रसंगांत काय कराल ते लिहायला 30 मिनिटं, चित्रांवरून गोष्टी, मैदानावरची गटकार्यं. क्लासमधली घोटलेली उत्तरं मानसशास्त्रज्ञाला लगेच ओळखू येतात, कारण गोष्टीतला नायक एक आणि मैदानावर वागणारा माणूस दुसराच दिसतो. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, गप्प बसलेलं चालत नाही. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिकरोडला या मुलाखतीची मोफत तयारी करून घेतं, राहणं-जेवणासकट. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा.

एकदाच मिळणारी परीक्षा

संगणकीकृत वैमानिक निवड चाचणी, म्हणजे सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पुढे कोणत्याही परीक्षेतून हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी पात्र राहत नाही. तिच्यात एका भागात विमानातल्या तबकड्यांचं वाचन कागदावर असतं: उंची, वेग, दिशा, विमान कलतंय की चढतंय. दुसऱ्या भागात काठी, पेडल आणि पडद्यावरचा ठिपका यांचा मेळ घालायचा असतो, दिवे-आवाजांना उत्तर देत. पहिल्या भागात नापास होणारी मुलं बहुतेक उंचीदर्शकाच्या काट्यांत गोंधळतात: लांब काटा शेकडा फूट दाखवतो, आखूड काटा हजार. लांब काटा 4 वर आणि आखूड 3 च्या जरा पुढे असेल तर उंची 3,400 फूट. सहा तबकड्यांची चित्रं काढून सलग दोन आठवडे रोज वाचा, मग हे डोळ्यात बसतं. दुसऱ्या भागाला रट्टा चालत नाही. आदल्या रात्री झोप आणि हलका हात एवढंच उपयोगी पडतं. ‘अनुभव घ्यायला जाऊन येऊ’ म्हणून तयारीशिवाय ही चाचणी देऊ नका.

शिफारस मिळाली की वैद्यकीय तपासणी बंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेत किंवा दिल्लीच्या केंद्रात होते. जाण्याआधी दातांची कामं, कानातला मळ आणि वजन या सुधारता येणाऱ्या गोष्टी गावीच निपटा. अपात्र ठरवलं तर कारण लिहून घ्या आणि दिलेल्या मुदतीत अपील मंडळासमोर उभे राहा. नाकाचं वाकडं हाड, वाढलेलं वजन यांसारख्या कारणांवर उपचार करून पुढे गेलेली मुलं भरपूर आहेत. मुदत मात्र दिवसांत मोजतात, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख त्याच आठवड्यात घ्या.