फोर्टमधली जुनी इमारत घेताय? आधी आत कोण बसलंय ते बघा

मुंबईच्या फोर्टमध्ये एखाद्या जुन्या इमारतीवर ‘विकणे आहे’ किंवा ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागली की लोक माना वर करून कमानी बघत बसतात. माझा धंदा सर्च घेण्याचा, म्हणजे वकिलांसाठी जुने दस्त हुडकून काढण्याचा. मी कमानी नंतर बघतो. आधी विचारतो, आत कोण बसलंय आणि कुठल्या हक्कानं? रिकामी इमारत आणि पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे मोजून जुन्या भाड्यात बसलेल्या, भाडेकरूंनी भरलेली इमारत शेजारीशेजारी, एकाच दगडाची असली तरी भाव एक नसतो.

पहिला कागद मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. दलालानं दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा, ताजी नक्कल काढा. जमिनीच्या मोजणीचा म्हणून मुंबई शहरात सी.एस. नंबर चालतो, उपनगरात सी.टी.एस. फोर्टच्या इमारतीचा कुणी ‘सी.टी.एस. नंबर’ सांगू लागला तर त्यानं पत्रिका बहुधा पाहिलेली नाही. पत्रिकेवर ‘फोरास’, ‘पेन्शन अँड टॅक्स’ असले जमिनीच्या हक्काचे जुने शब्द दिसले तर बिचकू नका. त्यांचा अर्थ वकील लावेल. ‘लीजहोल्ड’, म्हणजे जमीन पट्ट्यानं घेतलेली, असं दिसलं तर मात्र थांबा. बॅलार्ड इस्टेट पोर्ट ट्रस्टनं १९०८ ते १९१४ च्या दरम्यान उभं केलं आणि तिथली जमीन पोर्टचीच. म्हणजे विकणारा तुम्हाला उरलेलं लीज विकतोय. किती वर्षं शिल्लक आहेत, नूतनीकरणाचं कलम आहे का, भुईभाडं थकलंय का आणि हस्तांतराला परवानगी लागते का, हे चार प्रश्न लेखी विचारा. तोंडी उत्तरं सगळ्यांची छान असतात.

मालक ट्रस्ट असेल, आणि फोर्टात तसं पुष्कळदा असतं, तर विक्रीला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्यानं घ्यायची असली तरी लागते. ‘ती नंतर घेऊ’ म्हणणाऱ्याला बयाणा देऊ नका.

आता भाडेकरू. मालकाकडून मजल्यावार यादी मागा: नाव, गाळा, भाडेपावती, कोर्टातले दावे. मग यादी हातात घेऊन स्वतः जिना चढा. पावती एकाच्या नावावर, बेस्टचं वीजबिल दुसऱ्याच्या आणि टेबलाशी बसलेला तिसराच, हे दृश्य इथं नवं नाही. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला असेल तर तो दाव्याचा मुद्दा होतो, पण दावा म्हणजे धोबी तलावचं लघुवाद न्यायालय आणि वर्षं. ती वर्षं किमतीतून वजा करा.

यादीत एक गोष्ट मी लाल पेनानं खुणावतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सगळ्यांना संरक्षण देत नाही. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपन्या त्यातून वगळल्या आहेत. कंपनीचं भांडवल कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. चौथ्या मजल्यावर जुन्या भाड्यात बसलेली मोठी कंपनी आणि तळमजल्यावरचा चष्मेवाला यांच्यात कायद्याच्या नजरेत केवढा फरक! चष्मेवाल्याचं भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढतं आणि तो हलत नाही. तो हलावा असं मला वाटतही नाही, पण हिशेब तुम्हाला करायचाय.

तुम्हाला सबंध इमारत नको, एखादा गाळाच पागडीनं हवा असेल, तर १९९९ च्या कायद्यानं पागडीच्या रकमेला मान्यता आहे. म्हणून ती चेकनं द्या. मालकाच्या संमतीचं पत्र आणि स्वतःच्या नावाची भाडेपावती हातात आल्याशिवाय सामान हलवू नका.

पोटमाळा दाखवून ‘एवढी जागा जास्तीची’ म्हणत असतील, तर तो १ एप्रिल १९६२ पूर्वीपासून असल्याचा पुरावा मागा. जुनं व्यापारी बांधकाम चालवून घ्यायला महापालिका हीच तारीख धरते. जुना असेसमेंटचा (मालमत्ता कराचा) उतारा किंवा दुकानाचा परवाना चालतो. शेजाऱ्याची साक्ष चालत नाही.

इमारतीची तब्येत स्ट्रक्चरल इंजिनीयर सांगेल, पण त्याला कुठं न्यायचं ते तुम्ही ठरवा. थेट संडासाच्या मागच्या भिंतीकडे. सागाच्या तुळया मधोमध क्वचितच जातात. भिंतीत शिरलेली टोकं ओलीनं कुजतात. लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या छोट्या कमानी असं छत असेल तर गर्डरच्या खालच्या पट्टीला गंजाचे पापुद्रे सुटलेत का ते पाहा. चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर कुणी सिमेंट फासलं असेल तर आत ओल कोंडलेली असणार. महापालिकेची ३५४ ची, म्हणजे इमारत धोकादायक असल्याची, नोटीस निघाली आहे का, हे वॉर्ड ऑफिसात विचारा.

हेरिटेज ग्रेडचं, म्हणजे वारसा यादीतल्या श्रेणीचं, फार दडपण घेऊ नका, पण आधी माहीत करून घ्या. ग्रेड एकला हात लावणं जवळजवळ अशक्य. ग्रेड तीनला पुष्कळ मोकळीक. इमारत स्वतः यादीत नसली तरी परिसर यादीत असू शकतो. दर्शनी भागावर एसीची खोकी टांगायचा विचार असेल तर तो आराखड्यातच मागच्या बाजूला न्या.

नुसतं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरायचा परवाना, करायचं असेल तर काम हलकं. करार नोंदवा, ते जागा देणाऱ्याचं कर्तव्य आहे आणि न केल्यास त्याला शिक्षा आहे. लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) किती, रंगरंगोटी कुणाची, लिफ्ट बंद पडली तर खर्च कुणाचा, हे करारात घाला. जुन्या पिंजऱ्याच्या लिफ्टवरून भांडणं फार होतात. नावाची पाटी मराठीतून, देवनागरीत, आणि त्यातली अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. ती कमानीच्या आत बसेल एवढीच करायला सांगा, नाहीतर रंगाऱ्याचे पैसे दोनदा जातील.