काईटसर्फिंग शिकताना या चुका टाळा: पतंगाची सवय, वाऱ्याचा अंदाज आणि काईटचा आकार

संक्रांतीच्या दिवसांत जालन्यातल्या गच्चीवर पतंग उडवत मी मोठा झालो, आणि तीच सवय रामेश्वरमजवळच्या किनाऱ्यावर काईटसर्फिंग (मोठ्या पतंगासारख्या काईटच्या ओढीवर, पायाखाली बोर्ड घेऊन पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ) शिकताना दुसऱ्याच दिवशी माझ्या अंगाशी आली. काईट एका बाजूला झुकून वेगाने खाली येऊ लागला, तेव्हा हातातला दोर सुटता कामा नये ही लहानपणापासूनची शिकवण हातांनी आपोआप पाळली. मी बार, म्हणजे काईट चालवण्याचा हातातला आडवा दांडा, घट्ट धरून छातीकडे ओढला आणि गुडघाभर पाण्यातून फरफटत गेलो. प्रशिक्षक किनाऱ्यावरून ओरडून एकच गोष्ट सांगत होते, की बार सोडा. तो सोडल्याबरोबर ओढ ओसरली. हा खेळ शिकण्यासाठी मराठवाड्यातून गोव्याला किंवा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जाऊ इच्छिणारे तरुण मला जे प्रश्न विचारतात, त्यांतील बरेचसे शेवटी याच सवयीपाशी येऊन थांबतात, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

ओढण्याची सवय

पतंगाला एकच दोर असतो आणि तो हातातून सुटला की पतंग गेला. काईटला बहुधा चार दोऱ्या असतात, सुमारे 20 ते 24 मीटर लांबीच्या. मधल्या दोन दोऱ्यांवर काईटचा मुख्य भार असतो आणि तो कमरेला बांधलेल्या हार्नेसवर येतो, हातांवर नाही. कडेच्या दोन दोऱ्या बारच्या टोकांना जोडलेल्या असतात. बार जवळ ओढला की कडेच्या दोऱ्या ताणल्या जातात, काईटची मागची कड खाली खेचली जाते, वारा अधिक कोनात अडतो आणि ओढ वाढते. बार सोडला की तो आपोआप दूर सरकतो, मागची कड सैल पडते आणि ओढ बरीच कमी होते. म्हणजे घाबरलेला हात जे करतो, त्याच्या नेमके उलट करणे येथे सुरक्षित असते.

सोडण्याचे तीन टप्पे आहेत आणि ते याच क्रमाने अंगवळणी पडले पाहिजेत. पहिला टप्पा म्हणजे दोन्ही हातांनी बार सोडून देणे. तेवढ्याने काईट आटोक्यात आला नाही, तर हार्नेसच्या पुढे असलेला क्विक रिलीज स्वतःपासून दूर ढकलायचा. त्यामुळे काईटचा सगळा भार एकाच सेफ्टी दोरीवर जातो आणि काईट फडफडत पाण्यावर पडतो. एवढे करूनही काईट ओढतच राहिला, उदाहरणार्थ त्याची दोरी दुसऱ्या कोणाच्या काईटमध्ये अडकली असेल, तर सेफ्टी लीश, म्हणजे त्या सेफ्टी दोरीला हार्नेसशी जोडणारा पट्टा, हाही सोडून काईटशी असलेला संबंध पूर्ण तोडायचा. तिसरा टप्पा गाठताना वाऱ्याच्या दिशेने पुढे कोणी माणूस नाही ना, हे शक्य असेल तर पाहावे, कारण मोकळा सुटलेला काईट दुसऱ्याला इजा करू शकतो. मात्र महागडा काईट वाहून जाईल या विचाराने हात आखडता घेऊ नये.

पतंगाची दुसरी सवय याहूनही घातक आहे. मांजा बोटाभोवती गुंडाळून झटका देण्याची आपली रीत काईटच्या दोऱ्यांवर चुकूनही करू नये. या दोऱ्या अतिशय बारीक आणि चिवट असतात. त्यांवर माणसाला उचलू शकेल एवढा भार अचानक येतो आणि वेढ्यात अडकलेले बोट वाचत नाही. दोरी पकडायची वेळ आलीच, तर ती सैल असल्याची खात्री करून आणि वेढा न घेता पकडावी.

आकार निवडताना होणाऱ्या चुका

माझ्या मते नवशिक्यांच्या सर्वाधिक चुका येथे होतात, आणि त्यांतली पहिली अगदी साधी आहे: एककाचा गोंधळ. आपल्याकडे हवामानाच्या बातम्यांत वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये सांगितला जातो, तर काईटसर्फिंगच्या जगात तो नॉटमध्ये मोजला जातो. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. फोनवरच्या ॲपमध्ये 20 हा आकडा दिसला आणि तो नॉटमध्ये असताना कोणी ताशी किलोमीटर समजला, तर प्रत्यक्षात ताशी 37 किलोमीटरचा वारा असताना तो जेमतेम 11 नॉटच्या वाऱ्याचा काईट घेऊन उभा राहील. म्हणून ॲप उघडल्यावर आकड्याच्या आधी एकक पाहावे.

आकाराचा ढोबळ अंदाज घेण्यासाठी एक सूत्र सर्रास वापरले जाते: आपले वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे, त्याला 2.2 ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला नॉटमधल्या वाऱ्याच्या वेगाने भागावे. उत्तर चौरस मीटरमध्ये मिळते. 70 किलो वजनाच्या व्यक्तीला 14 नॉट वाऱ्यात 11 चौरस मीटरचा काईट येतो आणि 20 नॉटमध्ये 7.7 म्हणजे जवळपास 8 चौरस मीटरचा. त्याच 14 नॉटमध्ये 55 किलोच्या मुलीला साडेआठ ते नऊ चौरस मीटर पुरतो, तर 90 किलोच्या गृहस्थांना 14 लागतो. मित्राला जो आकार चालला तो आपल्यालाही चालेल, असे का समजू नये, हे यावरून स्पष्ट व्हावे. हे सूत्र साधारण बोर्डावर थोडेफार चालवता येणाऱ्या माणसासाठी आहे. शिकणाऱ्याने त्यापेक्षा एक आकार लहान घ्यावा आणि त्याची भरपाई मोठ्या बोर्डाने करावी, कारण मोठा बोर्ड कमी ओढीवरही पाण्यावर तरतो.

मात्र सूत्राच्या उत्तरावर विसंबण्याआधी झोतांचा आकडा पाहिलाच पाहिजे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 12 नॉटचा वारा 24 झाला, तर काईटवरचा जोर दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. सरासरी 14 नॉट आणि झोत 24 नॉटचे असतील, तर सरासरीप्रमाणे निवडलेला काईट झोताच्या क्षणी जवळजवळ तिप्पट ओढतो. अशा दिवशी झोतानुसार लहान काईट घ्यावा, आणि शिकत असाल तर पाण्यात उतरूच नये. एवढा प्रवास करून आलो आहोत, सुट्टी दोनच दिवस उरली आहे, या विचाराने उतरणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून काळजी वाटते.

फार लहान काईटही सुरक्षित असतोच असे नाही. वारा अपुरा पडला की तो आकाशात टिकत नाही, दोऱ्या सैल पडतात, तो पाण्यात पडतो आणि पुन्हा उठत नाही. खोल पाण्यात ही अडचण मोठी ठरते. सगळ्या वाऱ्यांत चालेल असा एकच काईट नसतो. काईट प्रकाराचा पहिल्यांदा समावेश झालेल्या 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही स्पर्धक वाऱ्याप्रमाणे वेगवेगळ्या आकाराचे काईट वापरत होते. त्यामुळे शिकून होण्याआधी स्वतःचा काईट विकत घेऊ नये, आणि जुना घ्यायचाच असेल तर 2005 च्या आधीच्या बनावटीचा तर मुळीच घेऊ नये. बार सोडल्यावर ओढ पुरेशी कमी करण्याची सोय त्यानंतरच्या रचनांमध्ये चांगली रुजली.

वारा कोणत्या बाजूने येतो

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. येथे ते प्रत्यक्ष उपयोगी पडतात. पश्चिम किनाऱ्यावर कोरड्या ऋतूत सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो, आणि ऊन तापल्यावर दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. सकाळी लवकर गर्दी नसते म्हणून काईट उघडणारा नवशिका अशा वेळी समुद्राच्या आत ओढला जातो. जमिनीकडून येणारा वारा किनाऱ्याजवळ झाडा-इमारतींमुळे मंद आणि विस्कळीत वाटतो, पाणीही सपाट दिसते, त्यामुळे तो सौम्य आहे असा भास होतो. आत गेल्यावर तो जोर धरतो आणि परत येण्याचा मार्ग उरत नाही. सरळ समोरून किनाऱ्यावर आदळणारा वाराही शिकायला सोयीचा नसतो, कारण चूक झाली की तो वाळूवर, झाडांवर किंवा मासेमारीच्या होड्यांवर नेऊन आपटतो. किनाऱ्याला तिरका आणि किंचित आत येणारा वारा सर्वांत बरा.

ऋतू बदलला की किनाऱ्याचा स्वभावही बदलतो. रामेश्वरमच्या परिसरात पावसाळ्याच्या महिन्यांत वारा नैर्ऋत्येकडून आणि हिवाळ्यात ईशान्येकडून येतो, त्यामुळे एका मोसमात योग्य असलेली जागा दुसऱ्या मोसमात वाऱ्याला पाठ देऊन बसलेली असते. गेल्या वेळी येथेच शिकलो होतो, हे कारण पुरेसे नाही.

वळिवाच्या पावसाबद्दल आपल्याला वेगळे सांगावे लागू नये. वैशाखात दुपारी ढग भरून येतात, वारा क्षणभर पडतो आणि मग अचानक गार झोत सुटून पत्रे उडतात, हे आपण घरच्या अंगणातून पाहिलेले आहे. समुद्रावरही काळा ढग जवळ येताना हेच घडते. वारा पडून हवेत गारवा जाणवला की काईट उतरवायला उशीर झालेला असतो. ढग दूर असतानाच काईट खाली घेऊन त्यातली हवा काढावी.

उडवण्याआधी आणि पाण्यात उतरल्यावर

काईट उचलून धरायला किनाऱ्यावरच्या कोणत्याही उत्साही मुलाला सांगू नये. धरणाऱ्याला कधी सोडायचे हे माहीत नसेल, तर काईट वाऱ्याच्या ऐन मध्यातून उडतो आणि उडवणारा उचलला जातो. उडवण्याआधी प्रत्येक दोरी काईटपासून बारपर्यंत नजरेने तपासावी. एक जरी दोरी चुकीच्या जागी जोडली गेली, तरी काईट हवेत गरगर फिरू लागतो आणि बारने तो सावरत नाही. असे झाले तर सावरण्याचा प्रयत्न न करता थेट क्विक रिलीज ढकलावा. वाऱ्याच्या दिशेने पुढे निदान 50 मीटर मोकळी जागा असावी आणि आसपास विजेच्या तारा नसाव्यात. काईट डोक्यावर धरून वाळूवर गप्पा मारत उभे राहणे ही अनुभवी लोकांतही आढळणारी चूक आहे. एकच झोत आला तरी तो उचलून नेतो.

पाण्यात काही अडचणी वारंवार येतात. काईट हवेत मागे मागे सरकून पडत असेल, तर बहुधा कडेच्या दोऱ्या जास्त ताणलेल्या असतात. बार थोडा दूर सोडावा आणि बारवरच्या पट्टीने मधल्या दोऱ्या आखूड कराव्यात. काईट सतत एकाच बाजूला झुकत असेल, तर दोऱ्यांची लांबी असमान झालेली असते आणि ती किनाऱ्यावर येऊनच दुरुस्त होते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला वर जाता येत नसेल, तर नवशिका बहुधा काईटकडे टक लावून पाहत असतो किंवा बोर्ड सपाट ठेवत असतो. जिकडे जायचे तिकडे पाहावे आणि बोर्डाची कड पाण्यात रुतवावी. पाण्यावर पडलेला काईट उठवताना घाईने जोरात ओढू नये. एका कडेची दोरी संथपणे धरून ठेवली की काईट वळतो आणि वाऱ्याच्या कडेला सरकून उठतो. फ्रान्सच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी 1984 मध्ये हवा भरलेल्या काईटचे पेटंट घेतले, तेही काईट पाण्यातून पुन्हा उठवता यावा म्हणूनच.

काईट उठलाच नाही, तर दोऱ्या बारवर गुंडाळत काईटपर्यंत पोहोचून त्याला तराफ्यासारखे धरावे लागते. हे स्वतःच्या सुटकेचे कौशल्य बोर्डावर उभे राहण्याआधी, कमरेइतक्या पाण्यात शिकून घ्यावे. आपल्यातील बरेच जण विहिरीत पोहायला शिकले आहेत, पण विहिरीत लाटा आणि प्रवाह नसतात. समुद्रात उतरण्याआधी न थांबता दोनशे मीटर तरी पोहता आले पाहिजे, असे मी मानतो. हेल्मेट आणि तरंगण्याचे जाकीट घालावेच.

नाथसागराविषयी

पैठणच्या नाथसागरावर सराव करता येईल का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. जलाशय विस्तीर्ण आहे, बऱ्याच ठिकाणी उथळही आहे, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु 1986 पासून हा परिसर पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात येथे रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी येतात, आणि मोठा काईट त्यांच्यावरून फिरणे हा त्यांना त्रास आहे. शिवाय तेथे अडचणीत सापडलेल्याला बाहेर काढायला कोणी नसते, आणि पाण्याखाली बुडालेली झाडे व जाळी दिसत नाहीत. तेथे काईट नेऊ नये.

घरच्या घरी करता येण्याजोगा सराव वेगळा आहे. रब्बीचे पीक निघाल्यावर, विजेच्या तारांपासून आणि रस्त्यापासून दूर असलेल्या मोकळ्या रानात, दोन ते तीन चौरस मीटरचा सरावाचा छोटा काईट मंद वाऱ्यात उडवावा. वारा कोठून येतो आणि काईट कोणत्या भागात जास्त ओढतो, हे हाताला त्यातून कळू लागते. प्रशिक्षण केंद्रावर पोहोचल्यावर पहिल्या तासालाच हार्नेस आणि बार मागून घ्यावा, आणि काईट न जोडता डोळे मिटून क्विक रिलीज वीस वेळा ढकलून पाहावा, डाव्या हाताने दहा वेळा आणि उजव्या हाताने दहा वेळा.